गरम झालं की बंद

बॅटरी नसलेलं छोटं इंजिन बंद करताना तार तोडायची नसते, जोडायची असते. घरातला दिवा विझवायचा तर बटण विजेची वाट तोडतं. गवत कापायचं मशीन, मिरवणुकीतला छोटा जनरेटर, पेट्रोलवरचा पाण्याचा पंप यांचं ‘ऑफ’चं बटण मात्र ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलची एक तार इंजिनाच्या अंगाला, म्हणजे अर्थला, टेकवतं. टेकवली की ठिणगी मेली, सोडली की इंजिन चालायला मोकळं. ज्या तारेला थांबवण्यापलीकडे काही काम नाही, तिचं आवरण पत्र्याला घासून सोललं तर इंजिन सुरूच होत नाही, आणि लोक प्लगवर प्लग बदलत बसतात. मोटारीतल्या बॅटरीवरच्या इग्निशनमध्ये हे नेमकं उलट असतं. तिथे चावीने वाट तोडली की इंजिन थांबतं. म्हणून मोटारीवर हात बसलेला चांगला मेकॅनिकसुद्धा अशा छोट्या इंजिनापुढे गंडतो. काही इंजिनांत तेल कमी झालं की तीच तार अर्थ करणारा सेन्सरही असतो. इंजिन पायरीवर तिरकं ठेवलं तर तेल पुरेसं असूनही त्याला ते कमी वाटतं, आणि चालवणारा माणूस दोरी ओढून ओढून घामाघूम होतो.

आमच्या सोसायटीचा पंप मात्र सुरू व्हायचा. अडचण तीच होती.

नौपाड्याचा सखल भाग ठाणेकरांना वेगळा सांगायला नको. चिखलवाडी, भांजेवाडी, वंदना डेपोचा परिसर ही नावं दर पावसाळ्यात बातम्यांत येतातच. मोठी भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आला की खाडीकडे जाणारे नाले पाणी घेत नाहीत. मग ते आमच्या मागच्या अंगणातून जमिनीखालच्या टाकीच्या तोंडाशी येऊन उभं राहतं. मीटरची खोली तळमजल्यावर, त्यामुळे पाणी जिन्याशी आलं की आधी वीज बंद करावी लागते. विजेवरच्या पंपाची गरज असते नेमक्या त्याच वेळी वीज नसते. २६ जुलै २००५ला तळमजल्यावरच्या घरांमधल्या गाद्या गच्चीत वाळत पडल्या, तेव्हा कुठे सोसायटीने वर्गणी काढून हा पेट्रोलचा पंप घेतला. वर्षातले दहा महिने तो जिन्याखाली जुन्या सायकली आणि गणपतीच्या मखराच्या फळ्यांमध्ये पडून असतो. उरलेल्या दोन महिन्यांत त्याच्यावर सगळ्यांचे डोळे असतात.

तर हा पंप एका पावसाळ्यात नखरे करायला लागला. पहिल्या दोन झटक्यांत सुरू व्हायचा, दहा-पंधरा मिनिटं ठणठणीत चालायचा, आणि मग एक ठसका देऊन गप्प. पुन्हा दोरी ओढली तर काही नाही. वॉचमनचा खांदा निघायची वेळ यायची. अर्ध्या तासाने, जणू काही झालंच नाही, असा पुन्हा पहिल्या झटक्यात सुरू. खोपटच्या गॅरेजमधला मुलगा यायचा तोवर पंप गार झालेला असायचा. “चालतंय की, काकू!” तो म्हणायचा. दवाखान्याच्या पायरीवर पोचताच पोराचा ताप उतरावा आणि डॉक्टरांनी आईकडेच संशयाने बघावं, तसं आमचं व्हायचं.

तरी त्याने काम केलं. प्लग नवा टाकला, कार्ब्युरेटर खोलून धुतला, फ्लोटची सुई बदलली, एअर फिल्टर साफ केला, तेल बदललं. यातलं एकही काम वायफळ नव्हतं. वर्षभर पडून राहिलेल्या इंजिनाला हे सगळं करावंच लागतं. पण पंप पंधरा मिनिटांनी बंद पडायचा तो पडायचाच. कमिटीत नव्या पंपाचे भाव निघाले. मी म्हटलं, आधी हा बंद पडतो तेव्हा नक्की काय होतं ते बघूया. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, “वहिनी, बंद पडतो तेव्हा बंद पडतो, अजून काय होणार?”

माझी उभी नोकरी वागळे इस्टेटमध्ये गेली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. स्टेशनवरून बसने यायचं आणि रोड नंबर सोळाच्या अलीकडे उतरायचं. आमच्या कंपनीत रिलेच्या आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल्स व्हायच्या, आणि वाइंडिंगच्या, म्हणजे तार गुंडाळायच्या, फ्लोअरवर झाडून सगळ्या बायका. बायकांचे हात नाजूक कामाला बरे, असं साहेब पाहुण्यांना सांगायचे. खरं कारण पगारपत्रकात होतं. पण हात नाजूक नव्हते तरी पुढे झाले हे खरं. केसापेक्षा बारीक, एनॅमलचं आवरण असलेली तार बोटांतून सरकताना कुठे ती ओढली जातेय, कुठे सैल पडतेय, हे डोळ्यांच्या आधी बोटाला कळायला लागलं. ताण जास्त झाला की तार लगेच तुटत नाही, ती एका जागी लांबते आणि तिथे मान बारीक होते. डोळ्याला दिसत नाही, मीटरला कळत नाही. ताण कमी झाला की वेटोळे ढिले बसतात आणि वरचा थर खालच्यात रुततो.

आणि तार तुटलीच तर? नियम असा की बॉबिन, म्हणजे तार गुंडाळायचा रीळ, बाजूला काढायचा. प्रत्यक्षात टार्गेट डोक्यावर बसलेलं. दोन टोकं पिळायची, सोल्डरचा टिपका द्यायचा (पॉलियुरेथेनच्या एनॅमलला खरवडावंही लागत नाही, गरम टिपक्यानेच ते जळून जातं), वर कागदाचा तुकडा ठेवायचा आणि पुढे गुंडाळत राहायचं. दोन थर चढले की जॉइंट कुणाच्या बापाला सापडत नाही. नीट केलेला जॉइंट जन्मभर टिकतो. घाईत केलेला मात्र गार असताना मीटरवर चोख वाचन देतो आणि तापला की सुटतो. आमच्या सुपरवायझरबाई म्हणूनच व्हार्निशच्या भट्टीतून बाहेर आलेले बॉबिन गरम असतानाच टेस्टला लावायच्या. हातात सुती मोजे, कपाळावर घाम, आणि प्रॉडक्शनचे लोक दारात उभे राहून चडफडतायत. “गार झाल्यावर सगळेच पास होतात,” एवढं म्हणून त्या पुढचा बॉबिन घ्यायच्या. त्यांच्याइतकी नावडती बाई त्या फ्लोअरवर दुसरी नव्हती. माल परत येण्याचं प्रमाणही त्यांच्याच शिफ्टचं सगळ्यांत कमी असायचं, पण हे मला पुष्कळ उशिरा रजिस्टर बघायला मिळालं तेव्हा कळलं.

पंपाची तक्रार ऐकताच ही ‘गरम असताना’ची गोष्ट माझ्या डोक्यात आली. मात्र डोक्यात आली म्हणून ती खरी होत नाही. गरम झाल्यावर बंद पडणं आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होणं, या एकाच लक्षणाचे निदान दोन धनी असतात, आणि दुसऱ्याचा उष्णतेशी काही संबंधच नाही. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी वरून हवा आत यावी लागते. भोक बुजलं की टाकीत हळूहळू पोकळी तयार होते, पेट्रोल उतरेनासं होतं आणि इंजिन उपासमारीने थांबतं. अर्धा तास गेला की कुठूनतरी थोडी हवा आत शिरते आणि गाडी पुन्हा रुळावर. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही. फरक दिसतो तो बंद पडल्यापासून पहिल्या एक-दोन मिनिटांत, तोही प्लग काढून पाहिला तर. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाहीये. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचलंय, पेटवणारं कुणी नाही. अर्ध्या तासाने आलेल्या मेकॅनिकला या दोन्हींतलं काहीच दिसू शकत नाही. तो हुशार असो की नसो.

म्हणून आम्ही पंप बंद पडायची वाट बघत बसलो. पाऊस नव्हता, अंगणात पाणीही नव्हतं; टाकीतलं पाणी काढून पुन्हा टाकीतच सोडायचं असं ठरवलं. गॅरेजच्या मुलाला आधीच बोलावून ठेवलं होतं. प्लगचा पाना, इन्सुलेशनचा पक्कड, कोरडं फडकं आणि एक जुना प्लग, ज्याचा बाजूचा वाकडा दांडा मी त्याच्याकडून कापून घेतला होता, असं सगळं स्टुलावर मांडलं. सेक्रेटरी बाल्कनीतून बघत होते. पंप छान चालत होता आणि आम्ही दोघं तो कधी एकदाचा मरतो म्हणून चहा पीत बसलो होतो, हे त्यांना काही केल्या पटत नव्हतं. “चालतोय तर बंद करा ना, पेट्रोल कशाला जाळता?” असं ते वरून दोनदा म्हणाले.

त्या कापलेल्या प्लगबद्दल सांगायला हवं, कारण नेहमीची पद्धत इथे फसवते. नेहमी काय करतात, तर प्लग काढून त्याच्या वायरीच्या टोपीत बसवतात, त्याचं अंग इंजिनाला टेकवतात आणि दोरी ओढतात. निळी ठिणगी दिसली की ‘करंट आहे’ म्हणून मोकळे. ती ठिणगी मोकळ्या हवेत पडलेली असते. मोकळ्या हवेत विजेला एक मिलिमीटर उडी मारायला साधारण तीन हजार व्होल्ट पुरतात, आणि प्लगची फट असते सुमारे ०.७ मिलिमीटर. सिलिंडरच्या आत मात्र पिस्टनने हवा आणि पेट्रोल दाबून धरलेलं असतं. दाब वाढला की त्याच फटीतून उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली दाब, अंतर आणि व्होल्टेज यांचा हा संबंध मोजून मांडला. म्हणजे अर्धमेली कॉइल बाहेर ठिणगी दाखवते आणि आत गेली की हात टेकते. बाजूचा दांडा कापलेल्या प्लगला मधल्या टोकापासून कडेपर्यंत मोठी उडी मारावी लागते, म्हणून तो कॉइलची खरी ताकद दाखवतो. बाजारात यासाठी फट कमी-जास्त करता येणारा टेस्टरही मिळतो. तो नसेल तर हा जुगाड.

आणि एक गोष्ट, विशेषतः ज्यांना हे घरी करून बघायची खुमखुमी आहे त्यांच्यासाठी. प्लगचं अंग इंजिनाला घट्ट टेकलेलं असू द्या. टोपी मोकळी लोंबत ठेवून दोरी ओढू नका. त्या विजेला बाहेर जायला वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतच वाट शोधते आणि चांगली कॉइल खराब होते. प्लगच्या मोकळ्या भोकातून पेट्रोलची वाफ फसफसत बाहेर येत असते, तेव्हा ठिणगी तिथून लांब पाडा. आमच्या ओळखीतल्या एकांच्या भुवया अशाच गेल्या आहेत.

पंप ठसकला आणि थांबला. मुलाने झटकन टोपी ओढली, पाना लावला, फडक्याने धरून प्लग बाहेर काढला. ओला होता, पेट्रोलचा वास येत होता. टाकीच्या झाकणाचा प्रश्न तिथल्या तिथे मिटला. कापलेला प्लग लावून दोरी ओढली, काही नाही. नेहमीचा प्लग लावून ओढली तर कधीमधी एक नारिंगी, मरतुकडी रेघ. आता ती थांबवणारी तार. मी कॉइलजवळचा तिचा जोड सोडवायला सांगितला, कारण गरम झाल्यावर ती तार किंवा तेलाचा सेन्सर अर्थ होत असेल तर कॉइल बिचारी फुकट बदनाम व्हायची. (ही तार सोडवून इंजिन सुरू झालं, तर ते बटणाने बंद होणार नाही, हे लक्षात ठेवून पेट्रोलच्या कॉकवर हात ठेवावा.) तार सोडवूनही ठिणगी नाही. दहा मिनिटांनी बारीक ठिणगी. वीस मिनिटांनी कापलेल्या प्लगवरून कडाड आवाज करत निळी.

इंजिन थांबल्यावर कॉइल लगेच गार का होत नाही, हे मुलाने विचारलं, आणि प्रश्न फार चांगला होता. या इंजिनांचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक, हाच त्यांचा पंखा असतो. इंजिन फिरतंय तोवर पात्यांनी हवा सिलिंडरवर मारली जाते. थांबलं की वारा बंद, पण सिलिंडरची धग तशीच, आणि ती शेजारच्या कॉइलवर चढते. म्हणून थांबल्यानंतर काही मिनिटं कॉइल चालतानापेक्षाही जास्त तापते. वॉचमन नेमका त्याच वेळी जिवाच्या आकांताने दोरी ओढत असायचा.

दुसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले. त्यांनीही आयुष्यभर इलेक्ट्रिकलमध्ये काढलेलं, आणि त्यांच्याकडे फार चांगला मल्टिमीटर आहे. सुटी केलेली कॉइल त्यांनी टेबलावर ठेवून तपासली. टोपी काढून, प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरीच्या टोकापासून लोखंडी पट्ट्यांपर्यंत आठ हजार ओहमच्या जरा अलीकडे वाचन आलं. “कॉइल चोख आहे,” ते म्हणाले. मीटर खोटं बोलत नव्हता. पण त्याच्या पोटात ९ व्होल्टची बॅटरी, आणि कॉइलला इंजिनात काढायचे असतात दहा-पंधरा हजार व्होल्ट. शिवाय टेबलावर येईतो कॉइल गार. मीटरने विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

या आठ हजार ओहमवरून एक हिशेब करता येतो आणि तो मला अजून करायला आवडतो. ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा एका मीटरला साधारण सहा ओहम रोध. म्हणजे त्या मुठीएवढ्या काळ्या ठोकळ्यात तेराशे मीटरच्या आसपास तार. ठाणे स्टेशनहून निघून गोखले रोडने मल्हार सिनेमाच्याही पुढे जाता येईल एवढी. वाटेत एका ठिकाणी जरी मान बारीक झालेली असेल तरी संपलं. अशा कॉइलमध्ये आत जाड तारेचे शे-दोनशे वेढे, त्यावर बारीक तारेचे त्याच्या शंभरेक पट. फ्लायव्हीलमधलं चुंबक समोरून गेलं की जाड तारेत वीज वाहते, योग्य क्षणी ती झटक्यात तोडली जाते, आणि त्या तुटण्याचा धक्का बारीक तारेत हजारो व्होल्ट होऊन उमटतो. जुन्या इंजिनांत हे तोडण्याचं काम सीबी पॉइंट करायचे आणि शेजारी कंडेन्सर असायचा. ज्यांच्या घरी तेव्हा चेतक किंवा प्रिया होती त्यांना गरम झाल्यावर फितूर होणारा कंडेन्सर चांगला आठवत असेल. आता तोडायचं काम कॉइलच्याच पोटातला ट्रान्झिस्टर करतो. मिनिटाला ३००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ५० वेळा.

या सगळ्याच्या मुळाशी मायकेल फॅरडेची लोखंडी कडी आहे. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने एका कडीवर दोन वेगळ्या तारा गुंडाळून पाहिलं, की एकीतली वीज चालू-बंद करताना दुसरीत क्षणभर वीज उमटते. वीज वाहत असताना काही नाही. फक्त जोडताना आणि तोडताना. तेव्हा एनॅमलची तार नव्हती. त्याने वेढ्यांमध्ये सुतळी आणि थरांमध्ये सुती कापड घालून ती कडी स्वतःच्या हाताने गुंडाळली होती. त्याच्या नावाचा नियम शाळेत पाठ केला होता, पण तो वाइंडिंगही करायचा हे कळल्यावर त्याच्याबद्दल जास्त आपुलकी वाटली. बॅटरीशिवाय, चुंबकाच्या फिरण्यातून थेट प्लगपर्यंत जाणारी ठिणगी काढायला पुढे सत्तर वर्षं लागली. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातल्या गोटलोब होनोल्ट याने १९०२ साली तो उच्च दाबाचा मॅग्नेटो आणला. आमच्या जिन्याखालचा पंप तत्त्वाने अजून तिथेच आहे.

तर मीटर. काका जरा खट्टू झाले होते, म्हणून मी त्यांनाच म्हटलं, मीटर लावूनच ठेवा, आपण कॉइल तापवूया. वरून सुनेचा हेअर ड्रायर आणला. तांबं तापलं की त्याचा रोध अंशाला ०.४ टक्क्यांच्या जरा आत वाढतो. त्यामुळे आकडा हळूहळू चढणार हे अपेक्षितच होतं. साठ अंशांनी तापवलं तर जवळजवळ पाव हिश्श्याने वाढायला हवा. आकडा चढत गेला. आठ हजार, साडेआठ, नऊच्या पुढे. काका म्हणाले, “बघा, नियमाप्रमाणे चाललंय.” आणि पुढच्याच क्षणी मीटरवर आकडाच राहिला नाही, वाट तुटल्याची खूण आली. ड्रायर बाजूला केला. थोड्या वेळाने एकदम आकडा परत. काकांनी ड्रायर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः पुन्हा करून बघितलं, मग पुन्हा. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो सोसायटीच्या कुठल्याच मीटिंगमध्ये मी पाहिला नव्हता.

आत काय होत असणार ते वाइंडिंगवाल्या कुणालाही सांगता येईल. कॉइल राळेत, म्हणजे इपॉक्सीत, ओतून बंद केलेली असते. तापल्यावर राळ तांब्यापेक्षा जास्त फुगते. जिथे तार लांबून बारीक झालेली असेल, किंवा जॉइंट घाईचा असेल, तिथे ती ओढली जाते आणि टोकं अलग होतात. गार झालं की पुन्हा एकमेकांना टेकतात. गंमत अशी की सुरुवातीला टोकं अलग झाली तरी इंजिन चालतं. हजारो व्होल्टना तेवढी फट म्हणजे काहीच नाही. ठिणगी आधी कॉइलच्या पोटात पडते आणि मग प्लगवर. पण पोटातल्या प्रत्येक ठिणगीने राळ जळते, टोकं झिजतात, फट रुंदावते. आमचा पंप आदल्या पावसाळ्यात तासाभराने बंद पडायचा आणि त्या पावसाळ्यात पंधरा मिनिटांनी, त्याचा अर्थ हा. आधी पेट्रोलच खराब आहे म्हणून पेट्रोल पंपवाल्याला शिव्या घालून झाल्या होत्या.

ती कॉइल कुणी गुंडाळली असेल, कुठल्या शिफ्टला, कुठल्या देशातसुद्धा, देव जाणे. मला तिचा राग आला नाही. टार्गेट काय असतं ते मला माहीत आहे. राग आलाच तर गार झाल्यावर तिला पास करणाऱ्याचा.

नवी कॉइल मुलाने मुंबईला नागदेवी स्ट्रीटवरून आणली. बसवताना तिची लोखंडी पावलं आणि फ्लायव्हील यांच्यामध्ये फट ठेवावी लागते, साधारण ०.३ मिलिमीटर. जास्त ठेवली तर ठिणगी कमजोर, कमी ठेवली तर लोखंड घासतं. फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, नसेल तर जगभरचे मेकॅनिक व्हिजिटिंग कार्ड वापरतात. मध्ये कार्ड धरायचं, चुंबक कॉइलसमोर आणायचं, ते कॉइलला खट्कन ओढून घेतं, तसेच स्क्रू आवळायचे आणि कार्ड ओढून काढायचं. सेक्रेटरींनी खिशातून एका इस्टेट एजंटचं कार्ड काढून दिलं. त्याचा पहिला सदुपयोग झाला, असं काका म्हणाले. जाड वायर बदललीच होती, तर अंधार पडल्यावर जिन्याखाली दिवा न लावता पंप चालवून, वायरीवर फवाऱ्याने पाण्याचे चार थेंब मारून पाहिले. वायर किंवा टोपी कुठे तडकलेली असेल तर अंधारात निळ्या रेघा तिच्या अंगावरून सरपटताना दिसतात. आमच्या पावसात हे बघितलेलं बरं. पूर्वी जोराची सर आली की गोखले रोडच्या कडेला स्कूटरींची रांग लागायची. साइड पॅनल काढून, रुमालाने प्लग पुसत, तोंडाने फुंकर मारत उभे असलेले ते सगळे शर्ट-पँटवाले. दहांतल्या आठांचा प्लग चांगलाच असायचा. पाणी टोपीत शिरलेलं असायचं, आणि ते पॉलिश पेपर घेऊन प्लग घासत असायचे. पॉलिश पेपरचे कण प्लगच्या चिनीमातीत अडकून बसतात, म्हणून ते करू नये हे वेगळंच.

त्यानंतर पंपाने त्रास दिला नाही. मग यंदाच्या आषाढात एका रात्री, पाणी जिन्याच्या पहिल्या पायरीला लागलेलं असताना, चालता चालता गप्प. सेक्रेटरी खालून ओरडले, “वहिनी, कॉइल गेली!” गॅरेजचा मुलगा तेव्हा नशिबाने शेजारच्या इमारतीत होता. तो धावत आला आणि काही न बोलता त्याने आधी प्लग काढला. कोरडा ठक्क. मग टाकीचं झाकण फिरवलं तर सुस्स करून हवा आत गेली. दोरी ओढली, पंप सुरू. सकाळी झाकण उन्हात धरून पाहिलं तर त्याच्या भोकात कुंभारमाशीने नीट लिंपून माती भरली होती. मी शिवणाच्या डब्यातली सुई दिली, त्याने ती कोरून काढली.

खर्चाच्या वहीत काय लिहायचं, असा सेक्रेटरींना प्रश्न पडला. पार्ट काही बदललेला नव्हता आणि मुलगा पैसे घ्यायला तयार नव्हता. रात्री पाण्यात उभा राहिलाय, हजेरीचे पैसे द्यायचेच, यावर मी अडून बसले. शेवटी त्यांनी ‘टाकीचे झाकण साफ करणे’ असं लिहून पैसे दिले, आणि पुढच्या मीटिंगमध्ये पहिल्या मजल्याने त्या नोंदीवर हरकत घेतली.